अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी : दोन चालींची कुळकथा

‘फियाट हलकी, अ‍ॅम्बॅसडर भक्कम’ हा निवाडा आपल्या जुन्या कुटुंबांत इतका रूढ आहे की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. यंत्ररचना पाहू गेल्यास निवाडा खोटा ठरत नाही, परंतु त्याची कारणे निराळीच निघतात.

दोन्ही गाड्यांचे कूळ परदेशी. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधील उत्तरपाडा येथे अ‍ॅम्बॅसडर काढली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीची फियाट ११०० तयार होऊ लागली. पुढे १९७० च्या दशकात हिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले.

आता चालीचा विचार. अ‍ॅम्बॅसडरचे स्टिअरिंग रॅक-पिनियन पद्धतीचे, म्हणजे कागदावर अधिक आधुनिक. फियाटचे जुन्या वर्म पद्धतीचे. तरीही हातांना हलकी लागे ती फियाटच. याचे श्रेय स्टिअरिंगच्या रचनेला नव्हे, वजनाला द्यावे लागेल. फियाट ९०० किलोच्या आसपास, तर अ‍ॅम्बॅसडर हजाराच्या बरीच पुढे, आणि शक्तीची मदत दोघींच्याही स्टिअरिंगला नव्हती. गल्लीबोळांत गाडी वळवणाऱ्याला हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नसे.

इंजिनांची गोष्टही अशीच फसवी आहे. अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे, फियाटचे अवघे १०८९ सीसीचे. आकड्यांवरून पहिली बरीच वेगवान असावी. पण मोठ्या इंजिनाचा पुष्कळसा जोर तिचा स्वतःचा देह ओढण्यातच खर्ची पडे. फियाटचे इंजिन चटकन फिरे, मात्र पाच माणसे आणि ट्रंका घेऊन आंबोलीसारखा घाट चढायचा म्हटला की गिअर वरचेवर खाली आणावा लागे. तेथे अ‍ॅम्बॅसडर संथपणे, पण न कुरकुरता चढे. वळणावर मात्र ती झुकते. फियाट अधिक सावरून वळते. उताराला दोघींचेही ड्रम ब्रेक तापत, म्हणून जाणता चालक इंजिनाच्या रोधावरच भिस्त ठेवी.

खडबडीत रस्त्यावर अ‍ॅम्बॅसडरचा वरचष्मा होता, हे निःसंशय. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर फियाटपेक्षा सुमारे बारा सेंटिमीटर अधिक, पुढे टॉर्शन बार, मागे पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा. मागच्या आसनावरील वडीलधाऱ्यांना खड्डे फारसे जाणवत नसत. भक्कमपणाची कीर्ती माझ्या मते बहुतांशी याच आसनावरून पसरली. पुढच्या सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस न दिल्यास हीच भक्कम गाडी खडखडू लागे, हे मिस्त्री जाणत, मालक विसरत.

एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. मुंबईत फियाटच्या आणि कोलकात्यात अ‍ॅम्बॅसडरच्या टॅक्सी पसरल्या, त्यामागे चालीची तुलना फारशी नव्हती. कारखाना जवळ होता, सुटे भाग हाताशी होते. परवाना-पद्धतीच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबणाऱ्या मध्यमवर्गाला निवड तरी कितीशी होती? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा कुठे ७९६ सीसीचे इंजिन काय करू शकते हे लोकांनी पाहिले. १९९२ च्या सुमारास अ‍ॅम्बॅसडरला इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन मिळाले आणि तिच्या अंगात प्रथमच खरा जोर आला; तोवर तिचा ग्राहक मुख्यतः सरकारी कचेरी आणि टॅक्सीवाला एवढाच उरला होता. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.