हाकेच्या अंतरावरचा भूलतज्ज्ञ

धंतोलीत इतके दवाखाने का झाले, याचे नागपूरकराकडे तयार उत्तर असते: मेडिकल जवळ, स्टेशन जवळ. १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तिथे शिकलेल्या सर्जनांनी रुळांच्या अलीकडे बंगले घेतले, खाली खाटा टाकल्या, वर बिऱ्हाड केले. हे उत्तर खोटे नाही, अर्धे आहे. मेडिकलच्या दाराशी म्हणावे तर रुळांच्या पलीकडचा भाग धंतोलीपेक्षा जवळ होता, आणि स्टेशनच म्हणाल तर सीताबर्डी त्याला जास्त लागून. सर्जन पाटी कुठेही लावू शकतो. पण ज्याच्यावाचून त्याला पोट उघडता येत नाही तो माणूस वेळेवर कुठे पोहोचेल, याचा हिशेब त्याला करावाच लागतो. आजची दाट धंतोली भूलतज्ज्ञाच्या टंचाईने घडवली, असे मला वाटते.

ही टंचाई समजायला थोडे मागे जावे लागते. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षी ते कलकत्त्यात वापरलेही गेले. मात्र भूल देणे हे वेगळ्या डॉक्टरचे काम आहे, हे मान्य व्हायला शंभर वर्षे लागली. नागपूरच्या दक्षिणेला हैदराबादेत निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको, असा त्यांचा निष्कर्ष. १९११ मध्ये लेव्ही यांनी क्लोरोफॉर्म हृदयाची लयच बिघडवू शकते हे दाखवून तो मोडीत काढला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी भूलतज्ज्ञ म्हणून काम करत होत्या, जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते. पण त्या अपवाद. एरवी जाळीचा मुखवटा धरून थेंब टाकायला जो हात मोकळा असेल तो चाले. बदल झाला तो १९४२ नंतर. मॉन्ट्रियलमध्ये ग्रिफिथ यांनी क्युरारे वापरले, स्नायू सैल पाडणारी औषधे शस्त्रक्रियेत आली आणि रुग्णाचा श्वास दुसऱ्याने चालवायची वेळ आली. हे काम मोकळ्या हाताचे राहिले नाही. भारतीय भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली. नागपूरचे मेडिकलही त्याच वर्षीचे. म्हणजे शहराला सर्जन मिळू लागले, तेव्हा भूलतज्ज्ञांचा पेशा देशात नुकता उभा राहत होता.

दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला पगारी भूलतज्ज्ञ परवडत नाही. आज हर्निया, उद्या काहीच नाही, परवा रात्री सिझेरियन. त्यामुळे एकाच डॉक्टरला चार-पाच दवाखान्यांनी वाटून घेतले. तो पिशवी घेऊन येई: लॅरिंगोस्कोप, वेगवेगळ्या मापांच्या नळ्या, अॅट्रोपीन, आणि बर्फाच्या थर्मासमध्ये सक्सामेथोनियम, कारण ते थंड राहिले पाहिजे. आल्या आल्या आधी भूल देण्याच्या बॉइल मशीनकडे जाई. काळा, पांढऱ्या खांद्याचा ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, निळा नायट्रस ऑक्साइडचा नीट बसला आहे का, नळीतून गळती तर नाही. परक्याच्या मशीनवर विश्वास टाकायचा नाही, हा या फिरस्तीच्या धंद्याचा पहिला नियम. एक केस संपवून रुग्ण नीट शुद्धीवर आणायचा आणि पुढच्या गल्लीत जायचे. असे काम चालायचे तर दवाखाने लगोलग हवेत. एकटे लांब जाऊन बसलेले नर्सिंग होम मध्यरात्री बाळाचे ठोके मंदावले की अडचणीत येते.

यावर कोणी म्हणेल, फिरते भूलतज्ज्ञ तर महाराष्ट्रभर आहेत, मग धंतोलीचे विशेष काय? आक्षेप रास्त आहे. पण मिरज पाहा. तिथे वॉन्लेस यांचे एक मोठे मिशन इस्पितळ आधी उभे राहिले आणि वैद्यकीचा पसारा त्याच्याभोवती वाढला. धंतोलीच्या पोटात असे एकही मूळ इस्पितळ नव्हते. मेडिकल रुळांपलीकडे आणि मेयो हे दुसरे सरकारी इस्पितळ तर शहराच्या दुसऱ्या अंगाला. जिथे एकत्र आणणारी संस्था नसते, तिथे एकत्र आणणारी माणसे शोधावी लागतात. एक्सरेवाला, रक्तपेढी, औषधाचे दुकान हेही त्यात आलेच. पण एक्सरे आदल्या दिवशी काढून ठेवता येतो, रक्त मागवता येते; भूल मात्र त्याच टेबलापाशी उभे राहून द्यावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ही व्यवस्था दवाखान्यांच्या सोयीची, रुग्णाच्या नव्हे. ज्या डॉक्टरच्या हाती श्वास सोपवायचा त्याची भेट थेट टेबलावर, आणि त्याची फी बहुधा सर्जनच्या बिलातला एक हिस्सा. अशा माणसाने ‘आज ही केस करू नका’ कसे म्हणावे? मला याचा प्रतिवाद करता येत नाही. पल्स ऑक्सिमीटर सर्रास होण्यापूर्वी रक्तातला ऑक्सिजन घटल्याची खूण नखांच्या आणि ओठांच्या रंगावरून घ्यावी लागे, आणि थकलेल्या डोळ्यांना ती उशिरा दिसे. परंतु पर्याय काय होता, हेही विचारले पाहिजे. विदर्भातल्या खेड्यातून पॅसेंजरने आलेल्या माणसापुढे सरकारी वॉर्डातली रांग किंवा शस्त्रक्रियेविना घरी परतणे, एवढेच मार्ग होते. फिरत्या भूलतज्ज्ञाने तिसरा खुला केला. तो महाग होता, पण होता.

पुढे गर्दी आणि पार्किंगला विटून धंतोलीच्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. त्यांची तक्रार खरी आहे. बंगल्यांच्या वस्तीसाठी आखलेले हे रस्ते अॅम्ब्युलन्ससाठी नव्हते. मात्र दवाखाने बाहेर न्या, असे म्हणताना कोणते दवाखाने हे वेगळे करावे लागेल. मोठ्या इस्पितळांत भूलतज्ज्ञांचा स्वतंत्र विभाग आणि अतिदक्षता कक्ष असतो, त्यांना शेजाराची गरज नाही. मिहानमधले २०१८ मध्ये सुरू झालेले एम्स शहराबाहेर उभे राहू शकले ते त्यामुळेही. बारा खाटांचे प्रसूतिगृह रिंग रोडवर हलवायचे असेल, तर जागेच्या भावाआधी रात्री दोन वाजता तिथे भूल द्यायला कोण पोहोचेल, हे ठरवावे लागेल.