जड वजनाच्या मुष्टियोद्ध्याची पारख : सूज कोणती, बाळसे कोणते?

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मोहाडी हे तालुक्याचे गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडया भरतात, कबड्डीचे सामने रंगतात आणि पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण पहाटेच रस्त्यावर धावताना दिसतात. अशा परिसरात पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा सहा फुटांवर गेला किंवा एखादी मुलगी वर्गातल्या मुलांपेक्षा थोराड दिसू लागली, की तिला किंवा त्याला खेळात घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. पहिल्या दोन-तीन लढती झटपट जिंकल्या, की भावी विजेता म्हणून गाजावाजाही होतो. मात्र मुष्टियुद्धाच्या सर्वांत वरच्या वजनगटात मुलाचे पाय पाळण्यात दिसत नाहीत. तेथे सूज आणि बाळसे यांतील फरक ओळखणे हेच पारख करणाऱ्याचे खरे काम असते.

जड वजन म्हणजे किती?

व्यावसायिक मुष्टियुद्धात २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंच्या वरील योद्धा ‘हेवीवेट’ मानला जातो. हौशी मुष्टियुद्धात १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ९१ किलोंवरील ‘सुपर हेवीवेट’ गट सुरू झाला. पुढे ही मर्यादा ९२ किलो झाली, तर ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या नव्या संघटनेने ती ९० किलोंवर आणली. महिलांचा सर्वांत वरचा गट आधी ८१ किलोंवरील होता. नव्या रचनेत तो ८० किलोंवरील आहे.

या गटाला वरची मर्यादा नसते, हे लक्षात ठेवावयास हवे. इतर गटांत दोन्ही स्पर्धकांचे वजन जवळपास सारखे असते. येथे मात्र ९३ किलोंचा मुलगा आणि १२० किलोंचा मुलगा एकाच रिंगणात समोरासमोर येऊ शकतात. शालेय वयात यांतील थोराड मुलगा बहुधा जिंकतो. ज्याचे शरीर वयाआधी भरले, त्याला हा लाभ आपोआपच मिळतो आणि बरोबरीची मुले वाढली की तो आपोआपच नाहीसाही होतो. म्हणून कनिष्ठ गटातील निकालाआधी वयाचा दाखला नीट पाहावा आणि मुलाची उंची अजून वाढते आहे की थांबली आहे, याची नोंद ठेवावी.

अल्फियाचे उदाहरण

या परिसराला सर्वांत जवळचे उदाहरण नागपूरचे आहे. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात घडलेल्या अल्फिया पठाण हिने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किल्त्से येथे झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोंवरील गटाचे सुवर्णपदक पटकावले. अंतिम फेरीत तिने मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझला ५-० असे हरविले. त्या स्पर्धेत भारतीय मुलींनी सात सुवर्णपदके जिंकली. सर्वांत वरच्या वजनगटातील पदक विदर्भाकडे आले.

युवा गटातील यश वरिष्ठ गटात टिकेल का, हा त्यानंतरचा प्रश्न होता. २०२२ मध्ये तिने दोन महत्त्वाची सुवर्णपदके मिळविली. जुलैमध्ये कझाकस्तानच्या राजधानीत झालेल्या एलोर्दा चषक स्पर्धेत तिने २०१६ ची जगज्जेती लझ्झत कुंगेइबायेवा हिला तिच्याच देशात ५-० असे नमविले. नोव्हेंबरमध्ये अम्मान येथील आशियाई स्पर्धेतही ती अजिंक्य ठरली. तेथे अंतिम फेरीतील जॉर्डनची प्रतिस्पर्धी अपात्र ठरविण्यात आली होती. स्पर्धेच्या मानाने अम्मानचे पदक मोठे. पण कुवतीचा अंदाज घेणाऱ्याला कझाकस्तानातील लढत कितीतरी अधिक सांगते. अनुभवी जगज्जेतीसमोर पाचही पंचांचा कौल मिळणे, हे केवळ आकारमानाच्या बळावर साधत नाही.

यातून पहिला धडा मिळतो तो हा, की पदक मोजण्याआधी प्रतिस्पर्धी मोजावेत. वरच्या वजनगटांत स्पर्धक कमी असतात. जिल्हा वा राज्य पातळीवर कित्येकदा एक-दोन लढतींतच पदक निश्चित होते. अशा सोप्या वाटेने आलेला मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत गांगरतो आणि दोष मात्र त्याच्या मनोबलाला दिला जातो.

घाई नको

दुसरा धडा वयाचा. माइक टायसन १९८६ मध्ये अवघ्या विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, हे खरे; पण तो अपवाद. अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरने विसाव्या वर्षी सराव सुरू केला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. ब्रिटनचा अँथनी जोशुआ अठराव्या वर्षी या खेळाकडे वळला आणि २०१२ मध्ये लंडनला सुवर्णविजेता ठरला.

भारताचा अनुभवही असाच आहे. १९६६ आणि १९७० अशा लागोपाठच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणारे हवा सिंग तेव्हा तिशीच्या आसपास होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेते कौर सिंग सैन्यात दाखल झाल्यानंतरच मुष्टियुद्ध शिकले. बुलंदशहर जिल्ह्यातील सतीश कुमार तर मूळचा कबड्डीपटू. सैन्यात भरती झाल्यावर त्याची उंची प्रशिक्षकांच्या नजरेत भरली. टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला तो भारताचा पहिला सुपर हेवीवेट योद्धा. २०२१ मध्ये चेहऱ्यावर १३ टाके असताना तो उपांत्यपूर्व लढतीसाठी रिंगणात उतरला होता. मोहाडीसारख्या ठिकाणी कबड्डीच्या मैदानावर किंवा भरतीच्या रांगेत असा एखादा तरुण उभा असू शकतो. विसाव्या वर्षापर्यंत हातमोजे घातले नाहीत म्हणून त्याच्या नावावर काट मारण्याचे कारण नाही.

काय पाहावे?

ठोशाची ताकद सर्वांत आधी डोळ्यांत भरते. म्हणूनच ती सर्वांत शेवटी मोजावी. प्रथम पाय पाहावेत. जड शरीर घेऊन मुलगा दोन्ही बाजूंना तोल न ढळता सरकतो का, ठोसा हुकल्यावर तो पुढे कोलमडतो की लगेच पवित्र्यात येतो, हे पाहिल्यास बरेच कळते. त्यानंतर पुढच्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे ‘जॅब’ पाहावा. उंच मुलाला लांब हातांचे वरदान असते. पण जो जॅब वापरत नाही, त्याची उंची वाया जाते. दोन्ही हात पसरून घेतलेले माप उंचीपेक्षा अधिक असेल, तर ती जमेची बाजू समजावी.

तिसरी कसोटी शेवटच्या फेरीची. वरिष्ठ हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. पहिल्या फेरीत गडगडणारे अनेक जण तिसऱ्या फेरीत हात वर धरू शकत नाहीत. त्यामुळे पहिल्याच फेरीत संपलेल्या लढती पारख करणाऱ्याच्या फारशा उपयोगाच्या नसतात. चौथी कसोटी ठोसा बसल्यानंतरची. जबर ठोसा खाल्ल्यावर मुलगा रागाने अंगावर धावतो, तोंड फिरवतो, की हात वर घेऊन बाजूला सरकतो? यांपैकी तिसरे उत्तर देणारा मुलगा शिकविण्याजोगा असतो.

पराभवाचा अर्थही याच रीतीने लावावा. लेनॉक्स लुइस १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि १९८८ मध्ये सुवर्णविजेता झाला. टोकियोत सतीश कुमारला हरविणारा उझबेकिस्तानचा बखोदिर जलोलोव स्वतः २०१६ मध्ये रिओला उपांत्यपूर्व फेरीतच गारद झाला होता. पुढे टोकियो आणि पॅरिस अशी दोन्ही सुवर्णपदके त्याने जिंकली.

धोका आणि मर्यादा

या गटात चुकीच्या पारखेची किंमत शरीराला मोजावी लागते. ताकदवान पण बचाव न शिकलेल्या मुलाला लवकर मोठ्या लढतीत ढकलले, तर डोक्यावर बसणारे ठोसेही तितकेच वजनदार असतात. डोक्यावरील ठोशाने लढत थांबली, तर हौशी नियमांनुसार किमान ३० दिवसांची सक्तीची विश्रांती असते. गावपातळीवरील सरावातही हा नियम कसोशीने पाळला पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पालकांना आधीच सांगणे आवश्यक आहे. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत वरचा गट ७५ किलोंचा होता. हवा सिंग यांची नात नूपुर श्योराण हिने २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत ८० किलोंवरील गटात रौप्यपदक मिळविले. परंतु तिच्या किंवा अल्फियाच्या वजनगटाला त्या दोन ऑलिंपिकमध्ये स्थानच नव्हते. ऑलिंपिकच्या आशेने वाढत्या वयाच्या मुलीचे वजन उपाशी ठेवून उतरविणे हा मात्र त्यावरील उपाय नव्हे. तो निर्णय वाढ पूर्ण झाल्यावर, वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावा.

मोहाडीच्या मुलांसाठी पहिली पायरी शालेय स्पर्धा आणि भंडाऱ्याचे जिल्हा क्रीडा कार्यालय हीच आहे. त्यापुढे नागपूरचे मानकापूर संकुल, मुष्टियुद्धासाठी ओळखली जाणारी अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी आणि २००१ मध्ये पुण्यात सुरू झालेली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट या वाटा आहेत. तेथे पोहोचेपर्यंत शारीरिक शिक्षकाने वहीत उंची, वजन, हातांचे माप आणि प्रत्येक लढतीतील प्रतिस्पर्ध्याचा अनुभव एवढे नोंदविले, तरी पुढच्या प्रशिक्षकाचे निम्मे काम होईल. मुलाला मात्र विजेता ठरविण्याची घाई कोणीही करू नये. चार-पाच वर्षे शिकू द्यावे.