गुराला रोग कोणत्या वाटेनं शिरतो?

मंडळी, हिवरे बाजारात नव्वदच्या दशकात चराईबंदी झाली ती पाण्यासाठी आणि गवतासाठी. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं डोंगरावर गुरं सोडणं थांबलं. गवत विळ्यानं कापून गोठ्यात आणायचं ठरलं. आज आम्ही त्याच निर्णयाकडे रोगाच्या बाजूनं बघणार आहोत. जंतू तोच असला, तरी तो शरीरात कुठून शिरला यावर पुष्कळ काही ठरतं. हे कळलं कसं?

1878 साली लुई पाश्चरनं फ्रान्समध्ये शार्त्रजवळ मेंढ्यांना फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू शिंपडलेला चारा घातला. बऱ्याच मेंढ्या वाचल्या! मग त्याच चाऱ्यात काटेरी झुडपं आणि सातूची कुसळं मिसळली, तेव्हा मरणाऱ्यांची संख्या वाढली. मेलेल्या मेंढ्या फाडून पाहिल्या तर रोगाची सुरुवात तोंडात, घशात दिसली. काट्यानं ओरखडा पाडला आणि जंतूला दार मिळालं. नगरच्या माळावर कुसळी गवतात चरणाऱ्या जनावराचं तोंड ज्यानं पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

फऱ्याची गोष्ट त्याहून चमत्कारिक. 1880 च्या सुमारास आर्लुआं, कॉर्नव्हँ आणि तोमा या तिघांनी फऱ्याचं विष गुरांच्या स्नायूत टोचलं, तर जनावर दगावायचं. तेच थेट शिरेत सोडलं, तर थोडा ताप यायचा आणि पुढं रोग होत नसे. मात्र शिरेबाहेर सांडता कामा नये, नाहीतर खेळ खलास. कारण साधं आहे. या जंतूला प्राणवायू सोसत नाही. वाहत्या रक्तात त्याचं भागत नाही; मुका मार लागलेल्या मांसात मात्र त्याला घर मिळतं. मातीतून तोंडावाटे गेलेले त्याचे बीजाणू मांसात निपचित पडून राहतात. म्हणून पावसाळ्यात, सहा महिने ते दोन वर्षांचं चांगलं तगडं वासरू अचानक लंगडतं आणि दोन दिवसांत जातं.

आपल्याकडं याचा अभ्यास व्हावा म्हणून 1889 मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली. 1893 मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. पुणेकरांनी हे फारसं लक्षात ठेवलेलं नाही, असो.

मग चराईबंदीनं रोग थांबतो का? तसं आम्ही म्हणणार नाही. जनावर जमिनीलगत तोंड घालून ओरबाडत नाही, एवढा फरक नक्की पडतो. पण कापलेल्या गवताच्या बुडख्याला माती असतेच, कुसळंही पेंढीबरोबर गोठ्यात येतात. वाट अरुंद झाली, बुजली नाही. त्यामुळं पावसाळ्याआधी फऱ्याची लस टोचून घ्यावीच लागते.