गिअरला हॉर्सपॉवर कळत नाही

रात्रीचे साडेअकरा. पुणे-नाशिक रस्ता, मोशी मागे पडलेली, चाकण अजून यायचं होतं. हा रस्ता एवढा मोकळा फक्त याच वेळी मिळतो, तोही कंपन्यांच्या बसेस आणि कंटेनर एकाच वेळी गायब झाले तर. मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा झपकन वर गेला. गाडी मात्र होती त्याच वेगात राहिली. दोन सेकंदांनी वास आला. एकदा आला की आयुष्यभर ओळखता येईल असा, जळक्या क्लचचा.

दीड महिन्यापूर्वी मी गाडीचा ईसीयू रीमॅप करून घेतला होता. सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरबॉक्स. लॅपटॉप, एक केबल, चाळीस मिनिटं. ग्राफ दाखवला गेला, टॉर्क सव्वापट झालेला. मी हिंजवडीत कोड लिहितो. आमच्याकडे चुकीचं काही गेलं तर रोलबॅक करतात. क्लचला रोलबॅक नसतो, हे माझ्या डिग्रीत कुठेतरी असणार. मी तो चॅप्टर ऑप्शनला टाकला असावा.

घरी बाबांना सांगितलं. बाबांनी भोसरीत गिअर बनवणाऱ्या एका शॉपमध्ये एकतीस वर्षं हॉबिंग मशीनवर काढली. मी उत्साहाने हॉर्सपॉवरचा आकडा सांगायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "हॉर्सपॉवर नको सांगूस. टॉर्क किती वाढवलास ते सांग. गिअरला हॉर्सपॉवर कळत नाही."

त्या वाक्यामुळे मी पुढचे दोन महिने आपल्याच पट्ट्याचा इतिहास वाचत बसलो. कारण 'इंजिनात जास्त हवा कोंबा, जास्त ताकद काढा आणि तरी गाडी टिकवा' हा खेळ पिंपरी-चिंचवडमध्ये गेली तीस वर्षं चालू आहे.

मूळ कल्पना साधी. इंजिनाची ताकद ते किती इंधन जाळतं यावर ठरते आणि इंधन किती जळेल हे हवेवर. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असल्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्के कमी, म्हणजे साधं इंजिन इथे जन्मतःच थोडं अशक्त. मग हवा पंपाने ढकला. पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरवला तर सुपरचार्जर, एक्झॉस्टच्या वायूंवर फिरवला तर टर्बो. गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्येच अशा कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. टर्बोचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशीचं, १९०५ चं.

१९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार शोमध्ये मर्सिडीजने सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या. त्यांची नावं बघा : ६/२५/४० आणि १०/४०/६५. पहिला आकडा कराच्या हिशोबाचा, दुसरा सुपरचार्जरशिवायची ताकद, तिसरा सुपरचार्जर चालू असतानाची. सुपरचार्जर कायम चालू नसायचा. पॅडल तळापर्यंत दाबलं की तो जोडला जायचा आणि तोही थोड्या वेळापुरताच वापरायचा असे. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच त्याला चोवीस तास जास्त दाब सोसायला लावलं नाही. हे वाचलं तेव्हा मला मोशीचा रस्ता आठवला. मी पॅडल तळाला नेऊन दर सिग्नलला तेच करत होतो.

याच मर्सिडीजने १९९४ मध्ये भारतात टेल्कोबरोबर कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारातच, गाड्या जोडायला सुरुवात केली. (टाटा मोटर्स हे नाव २००३ चं. आमच्याकडे रस्ता अजून 'टेल्को रोड'च आहे.) आकुर्डीची बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, १९९७ पासून त्यांना इंजिनं जोडून देऊ लागली. २००९ मध्ये मर्सिडीज चाकणला गेली. मधल्या काळात सी-क्लासच्या डिकीवर एक शब्द दिसायला लागला : 'कॉम्प्रेसर'. जर्मन भाषेत तोच सुपरचार्जर.

या गाड्यांची ताकद वाढवायचा एक स्वस्त आणि मोहात पाडणारा उपाय आहे. सुपरचार्जरची पुली काढून लहान पुली बसवायची. पंप जास्त वेगाने फिरतो, दाब वाढतो, झालं. फक्त हवा दाबली की तापते. मी गणित केलं. चाकणमधली मे महिन्यातली दुपार, हवा ४० अंश. दाब दीडपट केला तर पंप अगदी आदर्श असला तरी हवा जवळपास ७८ अंशांवर जाते. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ९५ अंश, ५५ टक्के धरली तर ११० अंश. एवढी गरम हवा पेट्रोलबरोबर सिलिंडरमध्ये गेली की मिश्रण स्पार्कने लावलेली आग पोचण्याआधी आपणच भडकायला लागतं. तोच नॉकिंगचा 'खट खट' आवाज. तो पिस्टन खातो. म्हणून दाब वाढवण्याआधी इंटरकूलर, इंजेक्टरची क्षमता, स्पार्कचं टायमिंग हे सगळं आधी बघावं लागतं. पुली हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आणि ते शेवटी टाकायचं असतं.

आणि हे झालं फक्त इंजिनाचं. त्याच्या मागे काय होतं हे समजायला सगळ्यात चांगलं उदाहरण मर्सिडीजचं नाही, आपल्या सफारीचं आहे.

टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा आणली तेव्हा तिच्यात दोन लिटरचं साधं डिझेल इंजिन होतं, टर्बोशिवायचं, साठ-पासष्ट हॉर्सपॉवरचं. तेच इंजिन पुढे सुमोत. १९९८ मध्ये सफारी आली तेव्हा त्याच दोन लिटरला टर्बो आणि इंटरकूलर लावून ताकद नव्वदच्या आसपास नेली होती. गाडी दोन टनांच्या जवळ. माझा मामा तिच्यातून खंडाळ्याचा घाट चढताना एसी बंद करायचा आणि आम्हा पोरांना सांगायचा, "श्वास रोखून धरा, वजन कमी होतं." आम्ही धरायचो. २००५ मध्ये तीन लिटरचं डायकॉर आलं, २००७ मध्ये २.२ लिटरचं : १४० पीएस, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क. घाटात श्वास घ्यायला परवानगी मिळाली.

आता खरी गंमत. २०१५ मध्ये सफारी स्टॉर्मच्या दोन आवृत्त्या बाजारात होत्या, दोन्ही २.२ लिटरच्या. व्हॅरिकॉर ३२० मध्ये १५० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर. व्हॅरिकॉर ४०० मध्ये १५६ पीएस आणि ४०० न्यूटन-मीटर. हॉर्सपॉवरचा फरक सहा, म्हणजे चार टक्के. जाहिरात वाचणारा माणूस म्हणेल, एवढ्यासाठी कशाला जास्त पैसे? पण ३२० ला पाच गिअरचा गिअरबॉक्स होता आणि ४०० ला सहा गिअरचा नवा. टॉर्क २५ टक्क्यांनी वाढला होता. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. दाताला दात भिडतो तिथे वेग सोसावा लागत नाही, जोर सोसावा लागतो.

बाबांचं वाक्य मला तेव्हा पूर्ण कळलं.

आणखी एक हिशोब त्यांनीच शिकवला. बॉल बेअरिंगवरचा भार वाढला की आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. सव्वाचा घन जवळपास दोन. म्हणजे टॉर्क सव्वापट केला आणि बाकी काहीच बदललं नाही, तर गिअरबॉक्समधल्या त्या बेअरिंगचं आयुष्य अर्धं. मी चाळीस मिनिटांत आणि एका केबलने नेमकं तेच केलं होतं. गिअरचं तसंच. दाताचा वरचा थर कार्बन मुरवून कडक करतात आणि गाभा चिवट ठेवतात. त्या थराची जाडी ठराविक टॉर्क धरून ठरवलेली असते. बाबा म्हणाले, "आमच्याकडे ड्रॉइंगवर मिलिमीटरच्या दशांशात लिहिलेलं असायचं. आम्ही ते पाळायचो. तू फाईल बदललीस, ड्रॉइंग नाही."

मग लोक म्हणतील, कंपन्या आधीच मार्जिन ठेवतात की. ठेवतात, पण सगळीकडे सारखं नाही. चाकणच्या फोक्सवॅगन प्लांटमधून २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली : १.२ लिटर टर्बो, १७५ न्यूटन-मीटर, सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी. त्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. म्हणजे पंचाहत्तरचा मोकळा हात. पुण्यातली पोरं त्या गाडीवर का तुटून पडली ते यातून कळतं. आज त्याच प्लांटमधली १.५ लिटर टीएसआय कंपनीतूनच २५० न्यूटन-मीटर देते, आणि डीएसजी त्याच जातीचा. जुन्या पोलोचा अनुभव सांगून कोणी नव्या गाडीला रीमॅप करायला सुचवलं, तर हे वजाबाकीचं गणित त्याला करायला लावा.

ज्यांना खरोखर मोठी उडी मारायची होती त्यांनी काय केलं? तेही चाकणच्याच कंपनीचं काम. फोक्सवॅगनच्या भारतातल्या रेसिंग विभागाने २०१२ च्या सुमारास पोलो आर कप चालवला, १.४ लिटर टीएसआय, १८० पीएस. या इंजिनावर सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही. खालच्या आरपीएमला पट्ट्यावरचा पंप, वर टर्बो. २०१७ मध्ये त्यांनी अमियो कप आणला. अमियो ही चार मीटरच्या आतली, खास भारतासाठीची सेडान. रस्त्यावरच्या पेट्रोल अमियोत १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ७५ पीएस. रेसच्या अमियोत २०५. पण त्यासाठी त्या तीन सिलिंडरच्या बिचाऱ्याला टर्बो लावलेला नाही. इंजिन आलं १.८ लिटर टीएसआय, गिअरबॉक्स आला रेसिंगचा सिक्वेन्शियल, आत रोल केज. दिसायला शेजाऱ्यांची गाडी, आतली वेगळीच. हे बघून मला थोडा हेवा वाटला आणि थोडा दिलासाही. व्यावसायिक लोकांनीही ७५ चे २०५ केबलने केले नाहीत.

तर माझी गाडी. भोसरीतल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट निळी-काळी पडली होती, फ्लायव्हीलवर तड्यांच्या बारीक रेषा. बाबा स्कूटरवरून आले, चष्मा लावून प्लेट हातात फिरवली, वास घेतला आणि मेकॅनिकला म्हणाले, "दादा, याच्या नादाला लागू नका, याला ग्राफ आवडतात." फ्लायव्हील बदललं. क्लच थोडा जड प्रेशर प्लेटचा टाकला. आता ट्रॅफिकमध्ये नाशिक फाट्यापर्यंत डावी पोटरी भरून येते. रेडिएटर साफ केला, गिअर ऑइल बदललं. मग रीमॅपची फाईल परत उघडून घेतली आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क कमी करून घेतला. वरच्या टोकाला हॉर्सपॉवर जवळपास तेवढीच राहिली, कारण तिथे वेग असतो. पिकअपमध्ये पहिल्यासारखा धक्का बसत नाही. मित्र विचारतात, मग उपयोग काय? गाडी ओव्हरटेकला निघते, एवढं सांगतो.

पैसे किती गेले हे आईला अजून माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

जळकी प्लेट मी टाकून देणार होतो. बाबांनी देऊ दिली नाही. ती आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. पाणी घालताना त्यांना ती रोज दिसते, आणि मलाही.