काळ, तर्क आणि बदलती आज्ञावली

अभिजात आकारिक तर्कशास्त्रात विधानाची सत्यता कालनिरपेक्ष मानली जाते. क्रियापदाचा काळ तेथे गौण ठरतो. न्यूझीलंडचे तत्त्वज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम अँड मोडॅलिटी’ या ग्रंथात ही मर्यादा ओलांडली. ‘असे होते’ व ‘असे होईल’ यांना त्यांनी स्वतंत्र तार्किक चिन्हे दिली. व्याकरणातील काळभेद अशा रीतीने तर्काचा विषय झाला.

१९७७ साली इस्रायलचे आमीर प्नुएली यांनी ही पद्धती संगणकाच्या आज्ञावलींना लावली. अखंड चालणाऱ्या आज्ञावलीची यथार्थता अंतिम उत्तरावरून ठरविता येत नाही. ‘अनिष्ट कधीही घडणार नाही’ आणि ‘इष्ट केव्हातरी घडेलच’ अशा विधानांवरून ती ठरते. तथापि येथे अवस्था बदलतात, नियम स्थिर राहतात.

अनुभवानुसार आपले नियमच बदलणाऱ्या आज्ञावलीपुढे निराळी अडचण उभी राहते. अभिजात तर्कात नवे गृहीतक जोडल्याने जुना निष्कर्ष रद्द होत नाही; विरोध आल्यास सारी व्यवस्थाच निरर्थक होते. कायद्यातील कलम रद्द केल्यावर काय उरते, या प्रश्नाचा विचार केलेले कार्लोस आल्चुरोन व डेव्हिड मॅकिन्सन यांनी पीटर गार्डेनफोर्स यांच्यासह १९८५ साली याविषयीचे नियम मांडले : नवी माहिती सुसंगतपणे स्वीकारावी, जुने ज्ञान विनाकारण टाकू नये. परंतु परस्परविरोधी विधानांपैकी नेमके कोणते सोडावे, हे केवळ तर्क ठरवीत नाही; तो अग्रक्रम बाहेरून द्यावा लागतो. म्हणूनच अशा आज्ञावलीची परीक्षा ही त्या अग्रक्रमाचीही परीक्षा होय.