नोंद आणि फेरफार : डिरेक्टरी सर्व्हरच्या आज्ञा-ओळ साधनांचा इतिहास

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांना, कंपन्यांना आणि गाजलेल्या शोधांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे रोजच्या कारभारातील साध्या साधनांना मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात अशाच दोन साधनांचा विचार केला आहे. एलडॅप-ॲड आणि एलडॅप-मॉडिफाय ही त्यांची नावे. मोठ्या संस्थेत एकच वापरनाव आणि एकच पासवर्ड ई-मेलपासून ग्रंथालयातील संगणकापर्यंत सर्वत्र चालतो, तेव्हा त्यामागे बहुधा एक डिरेक्टरी सर्व्हर असतो. त्यात माणसांच्या, विभागांच्या व यंत्रांच्या नोंदी वृक्षासारख्या रचलेल्या असतात : मुळाशी संस्था, फांद्यांवर विभाग आणि टोकांना व्यक्ती. प्रत्येक नोंदीला मुळापर्यंतचा पत्ता सांगणारे एक विशिष्ट नाव असते आणि त्याखाली गुणधर्म व त्यांची मूल्ये असतात. पहिले साधन नवी नोंद घालते, दुसरे असलेली नोंद बदलते. दोन्ही आज्ञा-ओळीवर, म्हणजे चित्रमय खिडक्यांवाचून केवळ टंकलेल्या आज्ञेने चालतात.

या साधनांचा इतिहास सामान्यतः जड मानकावर हलक्या मानकाने मिळवलेल्या विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. ती कथा खोटी नाही, परंतु अपुरी आहे. यादी वाचणे आणि यादी बदलणे ही दोन भिन्न कामे होत, आणि दुसऱ्याचा इतिहास पहिल्यापेक्षा अधिक अडचणीचा आहे. महसुली दप्तराशी परिचय असलेल्या वाचकास हा भेद नवा वाटणार नाही. सातबारा जमिनीची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, पाहावे लागते. आणि तलाठ्याने लिहिलेला फेरफार प्रमाणित झाल्यावाचून पक्का होत नाही. डिरेक्टरीच्या क्षेत्रात फेरफार लिहिण्याची भाषा आधी घडली आणि तो प्रमाणित करण्याची व्यवस्था मागाहून आली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

एक्स.५०० ते मिशिगन

आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने, अर्थात सीसीआयटीटीने, १९८८ मध्ये एक्स.५०० ही मानकमालिका प्रसिद्ध केली. जगातील सर्व व्यक्ती व संस्था यांची एकच विभागून ठेवलेली निर्देशिका असावी, अशी ती भव्य कल्पना होती. नोंदींची वृक्षरचना, विशिष्ट नाव, गुणधर्म या सर्व संकल्पना तिच्याच. परंतु या निर्देशिकेशी बोलण्याचा शिष्टाचार ओएसआयच्या सात थरांवर उभा होता. तो थर-डोलारा पेलणे त्या काळातील टेबलावरच्या लहान संगणकांच्या आवाक्याबाहेरचे होते.

यावर मार्ग काढण्याचे प्रयत्न १९९१ पासून दिसतात. मिशिगन विद्यापीठातील टिम होज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डिक्सी' नावाचा सोपा शिष्टाचार त्या वर्षी आरएफसी १२४९ द्वारे मांडला. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांना आरएफसी असे म्हणतात. जुलै १९९३ मध्ये वेंगयिक येओंग, टिम होज आणि स्टीव्ह किल यांचा आरएफसी १४८७ प्रसिद्ध झाला आणि एलडॅप या नावाचा शिष्टाचार अवतरला. नोंद शोधणे, घालणे, बदलणे, काढणे या क्रिया त्यात आरंभापासूनच होत्या. मार्च १९९५ मध्ये आरएफसी १७७७ ने दुसरी आवृत्ती पक्की केली. त्याच सुमारास मिशिगनमध्ये स्लॅपडी हा स्वतंत्र सर्व्हर तयार झाला आणि मागे एक्स.५०० सर्व्हर असलाच पाहिजे ही अट उरली नाही.

मिशिगनच्या संचात सर्व्हरबरोबर काही छोटी साधने वाटली जात. एलडॅप-ॲड व एलडॅप-मॉडिफाय त्यांतलीच. गंमत अशी की ही दोन साधने दोन नव्हतीच. आज्ञावली एकच, तिला ॲड या नावाने हाक मारली की ती 'नवी नोंद घालावी' असे गृहीत धरते, मॉडिफाय या नावाने हाक मारली की तसे गृहीत धरीत नाही. ही काटकसर ओपनएलडॅपमध्ये पुढेही कायम राहिली.

बदल लिहिण्याची भाषा

आरंभीच्या एलडॅप-मॉडिफायचे लिखाण ओबडधोबड होते. पहिल्या ओळीत विशिष्ट नाव, त्याखाली गुणधर्म, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य. गुणधर्मामागे वजाचे चिन्ह लावले की मूल्य काढावयाचे, असा संकेत होता. हे जुने रूप पुढील आवृत्त्यांच्या माहितीपत्रकात 'पूर्वीच्या साधनांशी मेळ राहावा म्हणून' दिलेले आढळते, आणि त्यातच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात घडलेल्या क्विपू या एक्स.५०० सर्व्हरचा ओझरता उल्लेखही येतो. वंशावळीचा असा पुरावा मोठ्या मानकग्रंथांत सापडत नाही. तो माहितीपत्रकाच्या तळटिपेसारख्या जागीच सापडतो.

या ओबडधोबड लिखाणाची जागा एलडिफ या मजकूररूपाने घेतली. एलडिफचा पहिला उपयोग केवळ नोंदींचे वर्णन करण्यासाठी होता. बदलांचे वर्णन करण्याची शक्ती त्याला नंतर देण्यात आली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी सातबारा, मग नमुना सहा. प्रमाणित झालेल्या स्वरूपात तर असा दंडक आहे की एका फायलीत एक तर नोंदी असाव्यात किंवा बदल असावेत, दोहोंची सरमिसळ नसावी.

बदलाची नोंद कशी दिसते? वर विशिष्ट नाव, पुढील ओळीत बदलाचा प्रकार, मग कोणता गुणधर्म घालावयाचा, काढावयाचा की पालटावयाचा याचा निर्देश, त्याखाली मूल्य, आणि दोन बदलांच्या मध्ये एकट्या आडव्या रेघेची ओळ. या रेघेने जोडलेले सर्व बदल सर्व्हरने लिहिलेल्या क्रमाने आणि अखंडपणे करावयाचे असतात, म्हणजे सगळे तरी होतील किंवा एकही होणार नाही. एखाद्या प्राध्यापकाचा दूरध्वनी क्रमांक बदलावयाचा आहे असे समजू. 'पालटा' एवढेच लिहिले तर पूर्वी काय होते याची विचारपूस न करता नवा क्रमांक बसतो. परंतु 'हा जुना क्रमांक काढा, हा नवा घाला' असे लिहिले आणि मधल्या काळात दुसऱ्याच कोणी तो क्रमांक बदलून ठेवला असेल, तर जुने मूल्य न सापडल्याने सर्व्हर संपूर्ण बदलच नाकारतो. दुसरी पद्धत तीन ओळींनी लांब आहे. तरीही लेखकाच्या मते तीच प्रशस्त होय, कारण तीत बदल करणाऱ्याला आपण काय पुसतो आहोत हे लिहावे लागते.

अखंडतेची ही हमी एका नोंदीपुरतीच आहे, हे मात्र अनेकांना अनुभवानेच कळते. पाचशे नव्या विद्यार्थ्यांची फाइल दिली आणि दोनशे बाराव्या नोंदीत दोष निघाला, तर साधन तेथे थांबते. आधीच्या दोनशे अकरा नोंदी सर्व्हरमध्ये राहतात. 'चूक झाली तरी पुढे चला' असा पर्याय आहे, पण त्याने अर्धवटपणा टळत नाही, फक्त विखुरतो.

या भाषेचा आणखी एक उपयोग मिशिगनमध्येच झाला. स्लॅपडीतील बदल दुसऱ्या सर्व्हरवरील प्रतीत पोचविण्यासाठी स्लर्पडी नावाची सोबतची आज्ञावली होती. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल एका टिपणवहीत एलडिफसदृश ओळींत लिही आणि स्लर्पडी तो वाचून पुढे धाडी. ही टिपणवही थेट एलडॅप-मॉडिफायलाही देता येई. कोणता बदल कोणत्या प्रतीसाठी आहे हे सांगणाऱ्या ओळी त्या साधनास वाचता येत, आणि त्यांकडे दुर्लक्ष करून सर्व बदल लागू करण्याचा पर्यायही त्यात होता. माणसाने सर्व्हरला दिलेली आज्ञा आणि सर्व्हरने सर्व्हरला दिलेली बातमी यांची लिपी एकच झाली, ही या छोट्या साधनांची मोठी देणगी म्हणावी लागेल.

१९९७ ची सावधगिरी

डिसेंबर १९९७ मध्ये आरएफसी २२५१ द्वारे एलडॅपची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी इंटरनेट मानकांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची एक असाधारण सूचना छापलेली आहे. तिचा आशय असा : हा शिष्टाचार वाचन आणि बदल दोन्हीची सोय देतो, बदलासाठी बदल करणाऱ्याची सुरक्षित ओळख पटणे आवश्यक आहे, परंतु ओळख पटविण्याची कोणतीही समाधानकारक पद्धत येथे सक्तीची केलेली नाही, सबब तशी पद्धत मानक म्हणून मान्य होईपर्यंत बदलाची सोय असलेले सर्व्हर वा साधने तयार करण्यास व वापरण्यास समिती उत्तेजन देत नाही, उलट परावृत्त करते.

ज्या दस्तऐवजाने लेखनाची क्रिया सांगितली, त्यानेच ती करू नका असे सांगावे, हा प्रसंग मानकांच्या इतिहासात विरळा आहे. प्रत्यक्षात बदल थांबले नाहीत. साधने आधीपासून हाती होती. होज व काही सहकारी १९९६ मध्येच नेटस्केप कंपनीत गेले होते आणि तिचा डिरेक्टरी सर्व्हर विकला जात होता. १९९८ मध्ये कर्ट झाइलेंगा यांनी मिशिगनच्या आज्ञावलीवरून ओपनएलडॅप प्रकल्प सुरू केला. समितीची अट पुरी झाली ती मे २००० मध्ये, आरएफसी २८२९ व २८३० यांनी. पहिल्याने ओळख पटविण्याच्या पद्धती ठरविल्या, दुसऱ्याने चालू जोडणीच कूटबद्ध करण्याची रीत दिली. जून २००० मध्ये गॉर्डन गुड यांच्या आरएफसी २८४९ ने एलडिफला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि तिच्यासोबत एलडिफ वाचणारे-लिहिणारे स्वतःचे आज्ञा-ओळ साधनही आले. फेरफाराची भाषा आणि त्याचे प्रमाणीकरण अखेर एका वर्षात एकत्र आले, पण भाषा तोवर कित्येक वर्षे वापरात होती.

या विलंबाचे पडसाद आज्ञा-ओळीवर उमटलेले दिसतात. पासवर्ड आज्ञेतच टंकण्याची सोय जुनी. तसे केल्यास तो आज्ञांच्या इतिहासात उरतो आणि त्याच यंत्रावरील इतरांना चालू प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतो. पासवर्ड विचारून घेण्याचा पर्यायही आहे. फरक फक्त एका अक्षराच्या लहान-मोठेपणाचा, आणि तो देवनागरीत सांगताच येत नाही.

देवनागरी नावे

मराठी वाचकाच्या दृष्टीने तिसऱ्या आवृत्तीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. दुसऱ्या आवृत्तीत मजकुरासाठी टी.६१ ही अक्षरसंहिता होती आणि तीत देवनागरीला जागा नव्हती. तिसऱ्या आवृत्तीने यूटीएफ-८ स्वीकारली. त्यामुळे १९९७ पासून मराठी नाव मराठी लिपीत डिरेक्टरीत ठेवणे तत्त्वतः शक्य झाले.

मात्र एलडिफच्या फायलीत ते नाव वाचता येत नाही. मानकानुसार मूळ रोमन अक्षरसंचाबाहेरचे मूल्य बेस-६४ या संकेतलिपीत लिहावयाचे आणि गुणधर्मापुढे एकाऐवजी दोन विसर्गचिन्हे द्यावयाची. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि बेस-६४ मध्ये त्याची नेमकी चार रोमन अक्षरे होतात. 'सावित्री' हे नाव स्वर-मात्रा व हलन्त धरून आठ चिन्हांचे; त्याची बत्तीस अक्षरांची एक निरर्थक भासणारी माळ बनते. त्या माळेतील प्रत्येक चौकडी ४ हा अंक आणि के हे अक्षर यांनीच सुरू होते, एवढीच काय ती देवनागरीची खूण. ओपनएलडॅपचे साधन फाइल वाचताना सरळ देवनागरी अक्षरेही चालवून घेते. पण त्याच सर्व्हरकडून नोंद परत मागितली की ती संकेतलिपीत मिळते. ज्या मजकूररूपाचा मुख्य गुण 'माणसाला वाचता येते' हा सांगितला जातो, तो गुण आपल्या लिपीपुरता येथे संपतो. फेरफार तपासणाऱ्याला नाव बरोबर लिहिले की चुकीचे, हे उलगडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

उत्तरकाळ

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. नेटस्केपचा सर्व्हर २००४ मध्ये रेड हॅटने एओएलकडून घेतला, तो २००५ मध्ये फेडोरा डिरेक्टरी सर्व्हर म्हणून खुला झाला आणि २००९ पासून एलडॅपच्या पोर्ट क्रमांकावरून ३८९ डिरेक्टरी सर्व्हर म्हणून ओळखला जाऊ लागला. ओपनएलडॅपने २००७ मध्ये २.४ या आवृत्तीत स्लर्पडीला निरोप दिला. प्रतींचा मेळ राखण्याचे काम नव्या पद्धतीकडे गेले. टिपणवही गेली, एलडॅप-मॉडिफाय राहिले.

किंबहुना त्याचे क्षेत्र वाढले. ओपनएलडॅपच्या २.३ आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून, सर्व्हरची स्वतःची मांडणीही डिरेक्टरीतील नोंदींच्या रूपात ठेवता येऊ लागली. पूर्वी साध्या फाइलमध्ये ओळ बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे. आता कोणाला काय वाचता-लिहिता यावे याचे नियमदेखील एलडॅप-मॉडिफायने, सर्व्हर चालू असताना, बदलता येतात. अनेक जुन्या प्रशासकांनी या नव्या रीतीविषयी कुरकूर केली व तिला कारणही होते : एका ओळीच्या दुरुस्तीसाठी पाच ओळींचा फेरफार लिहावा लागतो. पण त्या पाच ओळी सर्व्हरच्या ओळख-तपासणीतून जातात. याउलट स्लॅप-ॲड हे भावंड-साधन सर्व्हरला वळसा घालून सरळ साठ्यात लिहिते. मोठ्या प्रथम-भरणीसाठी ते वेगवान आहे, मात्र तेथे कोण लिहितो हे विचारणारे कोणी नसते.

ओपनएलडॅपला बदलांची लेखापरीक्षण-वही जोडता येते. प्रत्येक बदल तीत एलडिफमध्येच लिहिला जातो आणि वर टीपेच्या ओळीत वेळ, बदल करणाऱ्याचे विशिष्ट नाव व तो कोणत्या पत्त्यावरून आला हे येते. मिशिगनच्या टिपणवहीचा हा वारसा होय. परंतु ज्या संस्थांत सर्व प्रशासक मूळ अधिकाऱ्याच्या एकाच नावाने प्रवेश करतात, तेथे त्या वहीतील प्रत्येक फेरफाराखाली तेच एक नाव येते, आणि त्या नावाला सर्व्हरचा कोणताही प्रवेशनियम लागू होत नाही.