भयानक रसाची एक संगीत-मंडळी



भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांपैकीं शृंगार, वीर आणि करुण या रसांना आपल्या गायनांत मानाचें स्थान मिळालें. भयानक रस मात्र बहुधा रंगभूमीवरच राहिला. केवळ भय अनुभवण्यासाठीं लोक पैसे मोजून मैफलीस जातील, ही कल्पना आपणांस विलक्षण वाटेल. परंतु इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं १९६८ सालीं एकत्र आलेल्या चार तरुणांनीं ती खरी करून दाखविली. 'ब्लॅक सॅबथ' हें त्यांच्या मंडळीचें नांव. त्यांच्या संगीताला सैतानी म्हणून अनेकांनीं नांवें ठेविलीं. माझें म्हणणें असें कीं, त्या संगीतांतील भय सैतानाच्या घरून आलेलें नसून कारखान्यांतून आणि युद्धाच्या छायेंतून आलेलें होतें. तें कसें, हें आज क्रमानें पाहूं.

इंग्रजी वाङ्मयांत भयकथेची परंपरा जुनी आहे. होरेस वॉलपोल याची 'कॅसल ऑफ ओट्रांटो' ही कादंबरी १७६४ सालची. पडके किल्ले, अंधारे जिने, कुळाला लागलेला शाप, असा हा 'गॉथिक' म्हणून ओळखला जाणारा पंथ. मेरी शेली हिनें १८१८ सालीं 'फ्रँकेन्स्टाइन' लिहून त्याला नवें वळण दिलें. तिच्या कथेंत भयाचें मूळ भूतपिशाच्चांत नाहीं. तें मनुष्यानें स्वतःच घडविलेल्या निर्मितींत आहे. याच कथेवरून निघालेल्या १९३१ सालच्या बोलपटांत बोरिस कार्लोफ या नटानें राक्षसाचें काम केलें. हें नांव ध्यानांत असूं द्यावें. तें पुढें पुन्हां येणार आहे.

आतां बर्मिंगहॅमकडे वळूं. हें शहर लोखंडाचें, पत्र्याचें आणि मोटारींचें. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन विमानांनीं त्यावर बाँबचा वर्षाव केला होता. १९४८ आणि १९४९ या सालीं जन्मलेलीं हीं चार मुलें त्यांतील ॲस्टन या कामकरी वस्तींत पडक्या घरांच्या मोकळ्या जागीं खेळत वाढलीं. टोनी आयोमी गिटार वाजवी, गीझर बटलर खर्जाची म्हणजे बास गिटार, बिल वॉर्ड ड्रम, आणि ऑझी ऑस्बोर्न गाई. ऑझीनें शाळा पंधराव्या वर्षीं सोडली. कत्तलखान्यांत काम केलें, मोटारींचे भोंगे तपासण्याची नोकरी केली, चोरीबद्दल कांहीं आठवडे तुरुंगही पाहिला. बटलर कचेरींत हिशेबाचें काम शिकत होता. कारखान्याच्या भोंग्यावर उठावें आणि भोंग्यावर निजावें, यापलीकडे या मुलांपुढें फारशी वाट नव्हती.

आयोमीची कथा तर विशेषच. १९६५ सालीं सतरा वर्षांचा असतांना तो पत्र्याच्या कारखान्यांत काम करी. वादनाचा दौरा ठरल्यामुळें त्यानें नोकरी सोडली होती आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशीं ज्या यंत्रावर त्याला बसविलें, त्यानें त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोकें घेतलीं. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. आतां वाजविणें संपलें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तेव्हां कारखान्यांतील वरिष्ठानें त्याच्या घरीं येऊन त्याला जँगो राइनहार्ट याची तबकडी ऐकविली. हा थोर गिटारवादक १९२८ सालच्या आगींत दोन बोटें निकामी झालीं असतांही वाजवीत राहिला होता. आयोमीनें भांडीं धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्या बोटांसाठीं टोपणें घडविलीं व त्यांवर कातडें चढविलें. जाड तारा दाबतां येईनात, म्हणून तो हलक्या तारा लावूं लागला. पुढें १९७१ सालच्या तबकडीसाठीं त्यानें तारा तीन अर्धस्वर उतरवून सैल केल्या. त्यामुळें वाद्याचा आवाज अधिक खोल, जड आणि काळोखा झाला. पुढें ज्याला जग 'हेवी मेटल' म्हणूं लागलें, त्या संगीताच्या नादांत एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांचा असा वांटा आहे.

मंडळीनें प्रथम 'अर्थ' असें नांव घेतलें होतें; परंतु त्या नांवाची दुसरीही एक मंडळी निघाली. त्यांच्या तालमीच्या जागेसमोर एक चित्रपटगृह होतें. भीतीचे चित्रपट पाहण्यास लोक रांगा लावतात, मग भीतीचें संगीत कां ऐकणार नाहींत, असा विचार त्यांच्या मनांत आला. मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६३ सालच्या 'ब्लॅक सॅबथ' या चित्रपटाचें नांव त्यांनीं आपल्या गाण्याला आणि मग मंडळीलाही दिलें. त्या चित्रपटांत काम होतें तें आपल्या त्याच बोरिस कार्लोफचें. गॉथिक कादंबरीचा धागा असा बोलपटांतून संगीतापर्यंत पोहोंचला.

त्या गाण्याची रचना आपणां संगीतप्रेमी मंडळींना उद्बोधक वाटेल. आरंभीं खालचा षड्ज, मग तारषड्ज, आणि तेथून खालीं येऊन तीव्र मध्यमावर मुक्काम. सारें अतिशय विलंबित. षड्ज आणि तीव्र मध्यम यांतील अंतराला युरोपांत 'संगीतांतील सैतान' असें नांव होतें. धर्मपीठानें त्यावर बंदी घातली होती, ही लोकप्रिय गोष्ट मात्र निराधार आहे. हेंच अंतर इंग्लिश रचनाकार गुस्ताव होल्स्ट यानें 'मार्स' या युद्धदेवतेवरील रचनेंत वापरलें होतें, आणि बटलरला ती रचना प्रिय होती. गंमत अशी कीं, आपल्या यमनांत याच तीव्र मध्यमानें सायंकाळ प्रसन्न होते! स्वर स्वतः भयंकर नसतो. तो कोणत्या सोबतींत, कोणत्या गतीनें आणि कोणत्या हेतूनें येतो, यावर त्याचा रस ठरतो.

पहिल्या तबकडीचें ध्वनिमुद्रण १९६९ च्या ऑक्टोबरांत अवघ्या एका दिवसांत उरकलें. पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा यांनीं तिचा आरंभ होतो. ती १३ फेब्रुवारी १९७० रोजीं, शुक्रवारीं, म्हणजे पाश्चात्य समजुतीप्रमाणें अशुभ दिवशीं, बाजारांत आणली गेली. समीक्षकांनीं हेटाळणी केली. लोकांनीं ती उचलून घेतली. त्याच वर्षीं निघालेली 'पॅरानॉइड' ही दुसरी तबकडी ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यांतील 'वॉर पिग्ज' या गाण्यांत व्हिएटनामच्या युद्धाच्या काळांत बटलरनें सेनापतींना चेटकिणींच्या मेळाव्याची उपमा दिली: लढाई ठरविणारे निराळे आणि मरणारे निराळे. येथें भयानक रस नुसता रंजनाचा राहत नाहीं. तो साक्षीदार होतो. सैतानाच्या पूजेचा आरोप तर मुळांतच चुकीचा. बटलर कॅथलिक घरांत वाढला होता. आणि मंडळी गळ्यांत जे क्रूस घालीत, ते ऑझीच्या हत्यारें घडविणाऱ्या वडिलांनीं प्रथम करून दिले होते.

यशाबरोबर दारू आणि अमली पदार्थही आले. त्यांनीं या मंडळीचें जितकें नुकसान केलें, तितकें कोणत्याही टीकाकारानें केलें नाहीं. १९७९ सालीं ऑझीला काढावें लागलें. रॉनी जेम्स डिओ याच्या गळ्यानें १९८० सालीं मंडळीला नवें बळ दिलें. त्यानंतर माणसें येत-जात राहिलीं, पण आयोमी कायम राहिला. १९९७ सालीं मूळचे चौघे बर्मिंगहॅममध्यें पुन्हां एकत्र आले. ४ फेब्रुवारी २०१७ रोजीं त्याच शहरांत अखेरचा दौरा संपला. मात्र त्या वेळीं वॉर्ड बरोबर नव्हता.

शेवटची भेट राहिली होती. ५ जुलै २०२५ रोजीं ॲस्टनमधील व्हिला पार्कच्या मैदानावर, ऑझीच्या बालपणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, चौघेही एकत्र वाजले. कंपवाताच्या विकारानें जर्जर झालेला ऑझी सिंहासनावर बसून गायला. मिळकत रुग्णांच्या व मुलांच्या संस्थांसाठीं होती. त्यानंतर सतरा दिवसांनीं, २२ जुलै रोजीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं तो निवर्तला. ज्या शहरानें त्याला एके काळीं तुरुंगांत घातलें, त्याच शहराच्या रस्त्यांवर हजारों लोक त्याला निरोप देण्यास उभे होते.

मी आयुष्यभर मुलें शिकविलीं. मुलांच्या आवडीचा आवाज मोठ्यांना कर्कश वाटतो, हा अनुभव प्रत्येक पिढीचा आहे. हें संगीत सर्वांनीं आवडून घ्यावें, असा माझा आग्रह नाहीं. पण घरांतील मुलगा दार लावून असें कांहीं ऐकत असला, तर त्याला 'हें काय राक्षसी!' म्हणण्यापूर्वीं 'यांत तुला कशाचें भय ऐकूं येतें?' असें विचारून पाहावें. बर्मिंगहॅमच्या त्या चार मुलांना हा प्रश्न त्या वेळीं फारसा कोणी विचारला नाहीं. त्याचें उत्तर त्यांनीं वाद्यांतून दिलें.